टाळीचा हात

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. माझ्या मिस्टरांनी हे वाक्य माझ्या तोंडून ऐकायला सव्वीस वर्षं वाट पाहिली आहे, तर होऊन जाऊ दे एकदाचं त्यांचंही समाधान.

मी बेबीताई. अकोल्यात जठारपेठेत ब्लाऊज शिवते. नुसती शिवते असं नाही. माझ्या ब्लाऊजच्या मुंढ्याला, म्हणजे काखेजवळच्या त्या गोलाईला, आजपर्यंत एक सुरकुती पडलेली नाही. बायका अमरावतीहून कापड घेऊन येतात. माझे मिस्टर देवीदास खालच्या गाळ्यात सायकली आणि मोटरसायकली दुरुस्त करतात. ते दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलतात आणि ती बहुतेक सगळी बरोबर निघतात. अशा माणसाबरोबर संसार करणं किती अवघड असतं, ते जिचं तिलाच माहीत.

ही गोष्ट माझ्या मोठ्या भावाच्या हाताची आहे. भगवंतदादा बाळापूरला राहतो. आमचं माळ्याचं घर. झेंडू, शेवंती, आणि मधल्या दिवसांत वांगी-टमाटे. पण दादाचं खरं पीक म्हणजे त्याचं तोंड. बाळापूरच्या बसस्टँडजवळ गोवर्धनची चहाची टपरी आहे, तिथे दादा बसला की लोक बस सोडून देत, पण दादाचं बोलणं सोडत नसत. एकदा निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून टपरीवर आला. दादा म्हणाला, “सायेब, असेच जोडून ठेवा पाच वर्ष. खाली सोडले का आमच्या खिशात जातात.” उमेदवार पडला. दादाच्या जोकमुळेच पडला असं मी म्हणत नाही, पण बाळापूरचे लोक म्हणतात.

आता आमच्याकडे जोक झाला की नुसतं हसून भागत नाही, टाळी द्यावी लागते. सांगणारा हात पुढे करतो, समोरचा फाडकन त्याच्या तळव्यावर तळवा मारतो, आणि मग दोघं क्षणभर एकमेकांचा हात धरून हसतात. ती टाळी मिळाली नाही तर जोक मेला समजायचं. दादाच्या टाळीचा मानकरी ठरलेला होता. एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर उत्तमराव. दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले. दादानं सांगायचं आणि उत्तमरावानं टाळी द्यायची, हे पन्नास वर्षं चाललं.

दोन वर्षांपूर्वी म्हशीचा चारा कापायच्या कडबाकुट्टी यंत्रात दादाचा उजवा हात गेला. मनगटाच्या चार बोटं वरपासून खाली काही राहिलं नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर आठव्याच दिवशी तो टपरीवर गेला. बसला आणि म्हणाला, “काय सांगू, आमच्या कडबाकुट्टीले कडब्यापरस मानूसच गोड लागला.” लोक हसले. उत्तमरावाचा हात सवयीनं पुढे आला. दादाचाही उजवा हात सवयीनं पुढे गेला. त्याच्या टोकाला पांढरं बँडेज होतं. उत्तमरावाचा हात अर्ध्यात थांबला, मग त्यानं तो मागे घेतला आणि स्वतःचं डोकं खाजवलं. दादा अर्धा चहा ठेवून उठला तो परत गेलाच नाही. आणि उत्तमरावही दादाच्या घराकडे फिरकला नाही. हे मला गोवर्धननं सांगितलं.

त्या दिवसापासून दादा गप्प झाला. रडत नव्हता, चिडत नव्हता, जेवत होता, मळ्यात जात होता. फक्त जोक बंद. एका शिबिरात त्याला रबराचा हात मिळाला होता. तो हलत तर नव्हताच, वर रंगानं इतका गोरापान की एखाद्या नव्या नवरीचा वाटावा. सुभद्रावहिनीनं तो रानडुकरं येऊ नयेत म्हणून झेंडूच्या वाफ्यात काठीवर लावून टाकला. डुकरं काही घाबरली नाहीत, पोस्टमन मात्र पत्र बांधावर टाकून पळाला. एरवी या एका प्रसंगावर दादानं सहा महिने काढले असते. तो फक्त म्हणाला, “काढून टाक वो तो.”

मागच्या भाऊबीजेला तो माझ्याकडे आला. दरवर्षी तो मला एक भयंकर रंगाची साडी आणतो आणि त्या रंगावरून मलाच चिडवतो. या वेळी साडी ताटात ठेवली आणि पाणी मागितलं. साडीचा रंग चांगला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर मला राग आला. माझा रडण्याचा आणि रागाचा क्रम नेहमी हाच असतो.

“आपन दादाले हात करू,” मी मिस्टरांना म्हणाले.

“करू,” ते म्हणाले.

आमची आचल अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. तिनं इंटरनेटवरून हाताचे नकाशे काढून पाठवले. जगात पुष्कळ भले लोक आहेत, ते असे हात घरी कसे करायचे ते फुकट सांगतात. वीज नको, बॅटरी नको. एक पट्टा डाव्या खांद्यात अडकवायचा, त्याला सायकलच्या ब्रेकची वायर जोडायची, वायर पाठीवरून उजव्या दंडावरून बोटांपर्यंत न्यायची. डावा खांदा पुढे घेतला की पट्टा ताणतो, वायर ओढली जाते आणि बोटं मिटतात. खांदा सैल सोडला की इलॅस्टिक बोटं परत उघडतं. मी नकाशा पाहिला आणि मला हसूच आलं. यात वायर मिस्टरांची, पट्टा आणि इलॅस्टिक माझं. जगातले ते भले लोक आमच्या घरात डोकावून गेले की काय!

बोटं तेवढी आचलनं कॉलेजच्या मशीनवर प्लास्टिकची छापून काढली आणि मिठाईच्या डब्यात घालून एसटीनं पाठवली. मशीनमध्ये तेव्हा पोपटी रंगाचंच प्लास्टिक होतं, म्हणून बोटं पोपटी. शिवाय पहिला डबा आला तो डाव्या हाताचा. दादाला ते दाखवलं तेव्हा त्यानं आपल्या चांगल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग त्या पोपटी डाव्या हाताकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडलं. जोक ओठापर्यंत आला होता, मी डोळ्यांनी पाहिला. पण त्यानं तो गिळला. मी आचलला फोन करून इतकं बोलले की उजवा हात तिसऱ्या दिवशी आला.

बाकी सगळं घरात झालं. उरलेल्या हातावर बसणारं नळकांडं आम्ही पाण्याच्या पाइपचं केलं. पाइप गॅसवर शेकून मऊ करायचा आणि मापाच्या लाकडावर दाबायचा. माझी दोन बोटं भाजली आणि त्या दिवशीची भाजी वासामुळे कोणी खाल्ली नाही. आतून टोचू नये म्हणून मी ब्लाऊजच्या कपांचे स्पंजचे पॅड लावले. मिस्टर म्हणाले, “हे भगवंतरावाले सांगू नको.” मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

सव्वा महिन्यानं हात तयार झाला. आम्ही बाळापूरला गेलो, दादाला अंगणात बसवून हात चढवला आणि परीक्षा सुरू केली. पेला धरला. दोरी धरली. झेंडूचं फूल धरलं ते चेंगरलं, पण खुरपं मात्र असं धरलं की वहिनीनं ओढून पाहिलं तरी सुटेना. वहिनीला आनंदानं भरून आलं. शेजारच्या दोघी-तिघी बायका बघायला आल्या. दादानं अर्धा वाफा खुरपला, हात काढला, खुंटीला टांगला आणि म्हणाला, “चांगला झाला.”

बस्स. चांगला झाला! माझी दोन बोटं भाजलेली, लग्नसराईचे चौदा ब्लाऊज खोळंबलेले, आणि हा माणूस म्हणतो चांगला झाला, आणि टांगून ठेवतो.

“काय खराबी हाये त्याच्यात?” मी कडाडले.

“काही नाई.”

“मंग घालत काहून नाई?”

“घालीन ना.”

“दादा, खरं सांग. नाई तर मी तो हात चुलीत घालते.”

दादा बाजेच्या दोरीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, “बेबी, खुरपं मले डाव्या हातानं धरता येते. पेला बी येते. फुलं तोडतो, सुभद्रा परडी धरते. दोन वर्षात डाव्या हातानं एकच गोष्ट नाई जमली.”

“कोनती?”

“टाळी.”

मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं माझ्याकडे.

“दवाखान्यात करून पाह्यली. समोरचा उजवा पुढं करते,” दादा म्हणाला. “मी डावा करतो. दोन्ही हात उलटे लागतात. मंग तो मानूस माह्याकडं पाह्यते. बेबी, ते पाहनं सहन होत नाई मले. मी जोक कायले सांगू? त्याच्यानं पुढचा बिचारा अडचनीत येते.”

सव्वा महिना मी त्याला विचारत होते, हात कशासाठी पाहिजे. तो म्हणे, तुम्हाला वाटेल तो करा. आणि आम्हाला काय वाटलं? खुरपं! भावाला मी जन्मापासून ओळखते आणि त्याच्यासाठी खुरपणीचा हात केला. मला माझीच लाज वाटली. मिस्टरांनी खुंटीवरचा हात काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “मंग तळवा बदला लागते.”

अकोल्याला परत येऊन टाळीचे प्रयोग सुरू झाले. प्लास्टिकच्या तळव्यावर टाळी दिली तर कॅरमच्या सोंगटीसारखा टक् आवाज येई. सायकलची ट्यूब चिकटवली, तर पोतं पडल्यासारखा धप्प. स्लिपरचा तळ लावला, आवाज पुष्कळ चांगला आला, पण मिस्टर म्हणाले, “चपलीची टाळी दिली तर भांडन होईन.” शेवटी मोटरसायकलच्या सीटचं रेक्झिन, खाली माझे पॅड, आणि मध्ये थोडी हवा राहील असं सैल शिवून पाहिलं. मग आला तो आवाज. फट्ट! अगदी मांसाचा.

या सगळ्यासाठी हात मी घालत होते आणि टाळ्या मिस्टरांना देत होते. तीन दिवस, दुपारभर, घरातून फट् फट् आवाज. तिसऱ्या दिवशी समोरची माया जिना चढून वर आली. दारात मिस्टर उभे, त्यांचा तळवा लालभडक, आणि आत मी, घामाघूम.

“ताई,” माया हळू आवाजात म्हणाली, “झालं गेलं सोडून द्या. पोरगी लग्नाची झाली तुमची. या वयात मारनं बरं दिसते का?”

“अवं मारून नाई राहिली,” मिस्टर म्हणाले, “टाळी देऊन राहिली.”

“तीन दिवसांपासून? असा कोनता जोक झाला?”

“जोक अजून व्हायचा हाये,” मिस्टर म्हणाले. माया आल्या पावली खाली गेली आणि तिनं सगळ्या गल्लीला काय सांगितलं ते मला आठवडाभर लोकांच्या नजरेत दिसत होतं.

आता माझी चूक. आधीच्या हाताचा पट्टा शाळेच्या दप्तराचा होता, बक्कल लावलेला. शर्टाखालून तो उठून दिसे. मी म्हटलं, माझा भाऊ दोन वर्षांनी चारचौघांत जाणार, तर मी शिवलेलं त्याच्या अंगावर चोपून बसलं पाहिजे. दादाला अकोल्याला बोलावला, खुर्चीवर बसवला आणि माप घेतलं. इतकं शहाणं गिऱ्हाईक मला तीस वर्षांत मिळालं नव्हतं. हालणं नाही, बोलणं नाही, पुतळ्यासारखा बसून होता. मी अस्तर लावून बंडीसारखा पट्टा शिवला आणि बक्कल काढून पाठीवर ब्लाऊजसारखे नऊ हुक लावले. घालून पाहिला तर काय फिटिंग! केसाइतकी फट नाही.

मिस्टरांनी वायर बोटानं दाबून पाहिली. “थोडी ढील ठेव.”

“कायले?”

“ब्रेकच्या वायरले बोटभर ढील लागते. नाई तर चाक जाम होते.”

“ही काही सायकल नाई. हे फिटिंग हाये.”

“ढील पाह्यजे,” ते म्हणाले, आणि त्यांची त्या दिवसाची वाक्यं संपली. ढिलं, आणि माझ्या हातचं! मी ऐकलं नाही.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी आम्ही चौघं टपरीवर गेलो. दादा, सुभद्रावहिनी, मिस्टर आणि मी. सकाळचे दहा वाजले होते. बाया टपरीवर कशाला, असं दोघा-तिघांच्या तोंडावर दिसलं, पण माझ्या तोंडावर काय आहे ते पाहून त्यांनी जागा दिली. उत्तमराव बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. अकोल्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे नंबर लावलेला, दहा-वीसची गाडी गाठायची होती. दादाला पाहून तो अर्धवट उठला, परत बसला आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं.

दादा त्याच्या शेजारी जाऊन बसला. गोवर्धननं न विचारता चहा दिला. दादानं पोपटी बोटांनी पेला धरला आणि सगळे तिकडे पाहू लागले. कोणी विचारत नव्हतं. मला एकेकाचं डोकं धरून हलवावंसं वाटत होतं. विचारा ना मेल्यांनो, त्याला विचारा! शेवटी गोवर्धननंच धीर केला.

“भगवंतराव, हात बेस झाला. पन हिरवा काहून?”

दादानं पेला खाली ठेवला. हात वर करून उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला.

“कच्चा हाये,” दादा म्हणाला. “पंधरा दिवस आढीत घालून पाह्यला. पिकलाच नाई.”

टपरी हसून फुटली. गोवर्धनच्या हातातलं चहाचं गाळणं खाली पडलं. आणि दादानं तो हिरवा तळवा उत्तमरावापुढे केला. “दे टाळी.”

उत्तमरावाचं हसू थिजलं. त्यानं त्या हाताकडे पाहिलं, मग दादाकडे. किती वेळ गेला कोण जाणे, माझा तर एक ब्लाऊज शिवून झाला असता. मग त्यानं पिशवी बाजूला ठेवली, हात वर उचलला आणि दिली टाळी. फट्ट! पिंपळावरचे कावळे उडाले. बोटं मिटली, त्यांनी उत्तमरावाचा हात धरला, आणि दादा हसला.

आणि मला आठवलं दादा कसा हसतो ते. दादाच्या हसण्याला आवाज नसतो. त्याचे खांदे हसतात. दोन्ही खांदे पुढे येतात, तो पोटाशी वाकतो आणि गदागदा हलत राहतो. मी माप घेतलं तेव्हा माणूस हसतच नव्हता. न हसणाऱ्या माणसाच्या मापाचा पट्टा, त्यात केसाइतकी फट नाही. खांदा पुढे आला, वायर ताणली, पकड घट्ट झाली. खांदा हलला, आणखी घट्ट.

“वा, पकड हाये बरं!” उत्तमराव आधी कौतुकानं म्हणाला. मग म्हणाला, “सोड आता.” मग म्हणाला, “अबे सोड!” आणि मग बाकावरून उठून नाचायला लागला. “अबे भगवंता! हाडं मोडून राहिला बे माह्यावाली!”

दादाला सोडायचं होतं हो. पण सोडायचं म्हणजे खांदा सैल करायचा, आणि खांदा सैल करायचा म्हणजे हसू थांबवायचं. समोर उत्तमराव असा नाचत असताना दादाचं हसू कसं थांबावं? तो नाचला की दादा हसे, दादा हसला की पकड आवळे, पकड आवळली की तो नाचे.

“हासू नका, म्हनते ना!” वहिनी ओरडली. त्यानं दादाला आणखी हसू आलं.

मी दादाच्या शर्टात पाठीमागून हात घातला हुक काढायला. नऊ हुक, घट्ट अस्तर आणि खाली गदगदणारी पाठ. त्यात दादाला गुदगुल्या होतात हे मी लहानपणापासून जाणते, तरी घातला हात. तो बाकावरून खाली घसरला आणि उत्तमरावाला घेऊन जमिनीवर बसला. “ढील पाह्यजे होती,” मिस्टर माझ्या कानाशी म्हणाले.

“काही तरी दुःखाचं सांगा रे यांले!” गोवर्धन ओरडला, आणि त्यानंच सुरुवात केली. “भगवंतराव, तुमची म्हैस आठवा. हिरीत पडून गेली थे!” पण ती म्हैस काढायला गेलेला उत्तमरावच आधी विहिरीत पडला होता, आणि म्हशीनं त्याच्याकडे कसं पाहिलं हा दादाचा जुना हातखंडा जोक होता. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कोणीतरी म्हणालं, सासऱ्याची तेरवी आठवा. त्या तेरवीत भटजी बासुंदीत झोपला होता. आमच्या घराण्यात एकही दुःख धड नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात दहा-वीसची गाडी आली. कंडक्टरनं आपल्या जुन्या सहकाऱ्याला ओळखलं आणि दारातून हाक मारली, “मास्तर, चढा! जागा धरली तुमची!” खिडक्यांतून सगळी गाडी बाहेर डोकावली.

“येतो कसा?” उत्तमराव जमिनीवरून ओरडला. “हात अडकला माहा!”

“कशात?”

“भगवंतात!”

गाडी हसली. दादा तर आता बाकाच्या पायावर डोकं टेकून हसत होता. उत्तमराव त्याच्याकडे पाहत राहिला. त्याचं नाचणं थांबलं. दुखत तर होतंच, कपाळावर घाम होता, पण तो ओढायचं सोडून दादाच्या अगदी जवळ सरकला.

“भगवंता,” तो म्हणाला, “त्या दिवशी मी हात मांगं घेतला बे.”

दादा हसतच होता.

“मले समजलंच नाई काय करू ते. तुह्या जखमेले हात लावला तर तुले दुखन का काय, असं वाटलं. मंग डोकं खाजवलं. घरी गेलो अन् बायकोले म्हनलं, मी आज हरामखोरपना केला. दोन वर्ष रोज या बाकावर येऊन बसलो, आज येशीन, उद्या येशीन. तुह्या दारापर्यंत चारदा आलो अन् फाटकातून वापस गेलो. मले लाज वाटे.”

दादाचे खांदे थांबले. एकदा हलले, मग परत थांबले. मग खाली आले. वायर सैल झाली आणि इलॅस्टिकनं बोटं उघडायला सुरुवात केली, एक, दुसरं, तिसरं, टक टक करत. मी ते शिवलं होतं, म्हणून मला तो आवाज कळला. अंगठाही सुटला. पोपटी तळवा पूर्ण उघडा पडला. त्यात उत्तमरावाचा हात होता, त्यावर बोटांचे लाल वळ उठलेले. मी तोंडात पदर कोंबला.

“काढ बे हात,” दादा म्हणाला. “सुटला तुहा.”

उत्तमरावानं हात काढला नाही.

“मास्तर!” कंडक्टरनं घंटीची दोरी धरली. “सुटला का हात? गाडी थांबवू का जाऊ देऊ?”

उत्तमरावानं एकदा त्या उघड्या बोटांकडे पाहिलं. त्याचा डॉक्टरकडचा नंबर अकरा वाजताचा होता, आणि पुढची गाडी तासाभरानं.

“नाई सुटत बाप्पा!” तो ओरडून म्हणाला. “लय घट्ट धरला यानं! जाऊ द्या तुमी!”